पाय धुऊन बसायचं

काकू फोनवर सांगतात, "नाना बरे आहेत रे. बसलेले असतात."

माणूस बरा आहे, निवांत बसलेला आहे, एवढं ऐकून कोणाचाही जीव भांड्यात पडला असता. माझा पडत नाही. फोन ठेवला की मी खोलीतल्या खोलीत फिरायला लागतो. इथं मस्कतमध्ये आम्ही चौघं एका खोलीत राहतो, फिरायला जागा कमी, बाकीचे म्हणतात, बस की बाबा एकदाचा. त्यांना काय सांगणार. नाशिकला द्वारकेच्या गॅरेजात ज्यांनी दगूनानांना पाहिलंय, त्यांनाच कळेल की नाना बसलेत ही काही चांगली बातमी नाही.

म्हणून लिहायला घेतलं. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत. चूकभूल होईल ती होईल. पण या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते कुठंतरी मांडून ठेवले नाहीत तर मला चैन पडायची नाही.

द्वारकेच्या चौकातून थोडं आत, टायरवाले आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं यांच्या मधल्या बोळात नानांचं गॅरेज होतं. फक्त ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं. मोठमोठ्या बंगल्यांतल्या गाड्या त्या बोळात अंग चोरून शिरायच्या. नाना मूळचे नांदगावचे, तरुणपणी नाशिकला आलेले, पण बोली तिकडचीच राहिली होती. अंगानं काटकुळे, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, चष्मा कायम कपाळावर. आणि हा माणूस कधी म्हणजे कधी एका जागी नसायचा. फोन आला की बोलत बोलत चौकापर्यंत जाणार आणि बोलत बोलत परत येणार. जेवण उभ्यानं. गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत, त्यामुळं गिऱ्हाईक बिचारं जागच्या जागी गोल फिरत राहायचं. काकू म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तर खालून मला यांचे पाय दिसत होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत एका जागी ठरले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

चहा तर त्यांनी कधी पुरा प्यालाच नाही. दोन घोट घ्यायचे आणि ग्लास हाताला येईल तिथं ठेवून पुढं. भिंतीवर, टायरच्या थप्पीवर, कोणाच्या स्कूटरच्या सीटवर. ते अर्धे ग्लास गोळा करत फिरणं हे इरफानचं दुसरं काम होतं. पहिलं काम गाड्या उघडणं. पाने त्याच्या हातात आणि नाना त्याच्या डोक्यावर, अशी ती जोडी. एकदा एक गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं आणि मुंबई नाक्यावरून घाबऱ्या आवाजात त्याचा फोन आला.

"नाना, पुढच्या काचेवर ऑइल आलंय."

"वरून?"

"वरून. छतावरून गळतंय."

"रंग कसा हाय?"

"तपकिरी."

"वास घ्या बरं."

तिकडून हुंगल्याचा आवाज. मग, "नाना, आल्याचा वास येतोय."

"तो माझा चहा हाय. ग्लास सापडला तर घेऊन या."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. दुखण्यावरून ओळखायचे. "ते झटकेवाले आले का?" "आवाजवाल्यांना सांग, उद्या." मला गाडीचं दुखणं चिकटलं नाही, मला त्यांनी माझा तालुकाच चिकटवला. "ए सुरगाणा" म्हटलं की मी ओ द्यायचो.

गाडी दुरुस्त झाली की नाना नळावर जायचे. पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन साबणानं पाय घासायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग खुंटीवरच्या पांढऱ्या पंच्यानं कोरडे करायचे. त्या पंच्याला इरफानचा काळा हात लागला तर बोळभर शिव्या. आणि मग अनवाणी पायांनी गाडीत बसून, नांदूर नाक्यावरून सायखेड्यापर्यंत जाऊन यायचे. रस्ते कितीही खोदलेले असोत, वाट तीच. कारण त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. खड्डा कुठला आणि गिअरबॉक्स कुठला, हे त्यांच्या तळपायांना वेगवेगळं कळायचं.

"इंजिन तोंडानं बोलतं, ते भैऱ्यालाबी कळतं," ते म्हणायचे. "गिअरबॉक्स पायाशी बोलतो. बूट घालून बसलास तर काय ऐकणार?"

परत आल्यावर बॉनेटवर एक थाप मारायची आणि म्हणायचं, "पास." किंवा न थापटता, "परत घे." झालं. त्यावर कोणी वाद घालत नसे. स्कॅनर होता गॅरेजात, इरफान तो लावायचाही. पण लोक गाडी आणायचे ती नानांच्या पायांसाठी. अख्खं गॅरेज त्या दोन पायांवर उभं होतं. आणि मी त्यांना ओळखायला लागलो तोवर ते पाय जायला सुरुवात झाली होती. साखरेचं दुखणं, नसांमध्ये उतरलेलं. ही गोष्ट बोळाबाहेर गेली तर उद्या इथं गाडी कोण आणेल, ही नानांची एकच भीती. बाकी कशाला ते घाबरत नव्हते.

पण आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो.

मी एका मॅडमची गाडी चालवायचो. मॅडमचा बेदाण्याचा व्यापार, ऑफिस द्वारकेजवळच. गाडी परदेशी, लांबलचक, आत बिस्किटाच्या रंगाचा गालिचा. मी नवा होतो. त्या गाडीचं दार लावतानासुद्धा मला भीती वाटायची, जोरात लागलं तर? आणि कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तोच गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना धक्का द्यायला लागली. मी मॅडमना सांगितलं नाही. झोप उडाली. वाटायचं, आपल्यामुळंच झालं, आपल्याला चालवता येत नाही, आता गावाला परत. शेवटी मॅडमनाच तो धक्का लागला आणि त्यांनी नानांकडं जायला सांगितलं.

नानांनी गाडीकडं आधी पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"घाबरलायस?"

"नाही."

"मग घाम कशाला? चप्पल काढ, पाय धू, अन् चालव. मी शेजारी बसतो."

मी चालवली. सायखेड्यापर्यंत नुसते त्यांचे पाय गालिच्यावर. परत आल्यावर इरफाननं खालचा नट सोडला. ऑइल काळं, आणि वास करपलेल्या डाळीचा. नानांनी मॅडमना फोन लावला आणि फिरत फिरत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"ताई, तुमचा ड्रायव्हर चांगला हाय. हात हलका हाय त्याचा. तेल मेलंय."

तिकडून मॅडम म्हणाल्या असाव्यात की गाडीच्या पुस्तकात तर लिहिलंय, हे ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही.

"हां, पण आयुष्य कोणाचं ते लिवलंय का ताई? तेलाचं का गाडीचं?"

हसण्याचा आवाज आला. माझी नोकरी राहिली. त्या दिवसापासून मॅडम ऑफिसात असल्या की मी नानांच्या बोळात. मॅडमना ते ठाऊक होतं.

त्या पहिल्या दिवशीच मी नानांना उभं राहिलेलं पाहिलं. म्हणजे खरंच उभं, न हलता. या गाड्यांना गिअरबॉक्सचं ऑइल मोजायला कांडी नसते. गाडी लिफ्टवर सरळ उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर एकेक करून फिरवून आणायचे, ऑइल कोमट होऊ द्यायचं. मग बाजूचा छोटा नट उघडायचा. जास्तीचं असेल ते धार धरून खाली येतं. धार बारीक होत जाते, बारीक होत जाते, आणि एका क्षणी तुटते, थेंब पडायला लागतात. तेव्हा नट लावायचा. आधी लावलात तर ऑइल जास्त, उशीर केलात तर कमी, आणि दोन्हींनी गिअरबॉक्सचं वाटोळं. ती धार चालू असेपर्यंत नाना तिच्यासमोर एक हात वर करून उभे राहायचे. वर केलेला हात म्हणजे थांबा. कोणी बोलायचं नाही, फोन वाजला तर वाजू द्यायचा. धार तुटली की म्हणायचे, "नट." आणि हात खाली येण्याआधीच पाय चालायला लागलेले.

"नाना, एवढा वेळ तुम्ही उभे कसे राहता?" मी एकदा विचारलं.

"घाई मला हाय. ऑइलला नाय."

आणि नुसतं ऑइल बदलून गाडी सोडायची, हे त्यांच्याकडं नव्हतं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत सगळी ओळ तपासायची. मधला लांब शाफ्ट, त्याचे रबरी जोड, मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यातलं ऑइल, चाकाकडं जाणाऱ्या एक्सलची रबरं फाटलीत का. गिऱ्हाईक कुरकुरलं की नाना म्हणायचे, "इंजिन म्हणजे नवरदेव. त्याला सगळे विचारतात. पण लग्न वऱ्हाडामुळं मोडतं. वऱ्हाडाला तेलपाणी विचारलं का?"

आता सायखेड्याची गोष्ट.

एका मंगल कार्यालयवाल्यांची मोठी गाडी आली होती. थरथरते म्हणून. ऑइल बदललं, नाना जाऊन आले, "परत घे." मग खालचे रबरी जोड बदलले. परत घे. इरफान म्हणाला, नाना, मी बघितली, काही नाही तिच्यात. नानांनी त्याला गप्प केलं, गिअरबॉक्स खाली उतरवायला लावला, उघडला. आत सगळं ठीकठाक. परत बसवला, ऑइल भरलं, धार तुटली, नट. नाना जाऊन आले, बॉनेटवर थाप नाहीच. मंगल कार्यालयवाले तोंड वाकडं करायला लागले होते. इरफान माझ्याकडं बघायचा आणि मान हलवायचा.

दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले, "सुरगाणा, पाय धू. चल."

मी चालवत होतो, ते शेजारी. दोघंही अनवाणी. ओढ्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला.

"साठवर धर. हलकं दाब. आता लागतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही, नाना."

"नीट बघ. पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. बारीक. मुंग्या चालल्यासारखं."

"काहीच नाही लागत."

"तुझ्या पायाला भेगा पडल्यात, म्हणून."

मला वाटलं माझंच चुकतंय. मी पाय गालिच्यावर दाबून धरला, श्वाससुद्धा रोखून पाहिला. गाडी लोण्यासारखी चालली होती. सायखेड्याच्या पुलाच्या अलीकडं त्यांनी बाजूला घ्यायला सांगितली. इंजिन बंद करायला लावलं. बंद गाडीत बसून राहिले. मग दार उघडून एक पाय बाहेर मातीवर ठेवला. मग दुसरा. उठून उभे राहिले. शेजारी उसाचं पाचट पेटवलं होतं कोणीतरी, धूर आमच्या अंगावर येत होता, तरी हलले नाहीत.

"सुरगाणा. गाडी बंद हाय ना?"

"बंद आहे."

"चावी दाव."

मी चावी दाखवली. त्यांनी चावीकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं, आणि हसले.

"बंद हाय. अन् चालूच हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. थरथर गाडीत नव्हती. एका धडधाकट गाडीचा गिअरबॉक्स त्यांनी स्वतःच्या पायांतल्या मुंग्यांपायी उघडला होता. परत आल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली, पास म्हणाले, आणि मंगल कार्यालयवाल्यांकडून उघडण्याबसवण्याचं काहीच घेतलं नाही. वाटेत मला एवढंच बोलले होते, "इरफानला सांगायचं नाय. घरी तर नायच नाय."

घरी ठाऊक होतंच. मी काही न बोलताच काकूंनी एकदा माझ्यापुढं भाकरी ठेवताना सांगितलं, "झोपेत पाय पांघरुणाबाहेर काढतात आणि गार फरशीवर ठेवतात. आग होते म्हणे. एवढं चालतात ते काय हौसेनं चालतात का? पाय टेकून ठेवले की जाळ होतो, म्हणून चालतात. दवाखान्यात चला म्हटलं की मलाच विचारतात, डॉक्टर काय सांगणार? बस म्हणून. मग बसून पाय काय कामाचे?"

तेव्हापासून सायखेड्याला आम्ही दोघं जायला लागलो. गॅरेजात सगळ्यांदेखत म्हणायचं, "चल, तुला शिकवतो." आणि रस्त्याला लागलं की विचारायचं, "काय म्हणते?" मला शब्द नव्हते, ते त्यांनी दिले. बारीक थरथरीला वाळू. गिअर पडताना लागते ती टिचकी. मागून कोणी लोटल्यासारखं झालं तर ढकला. शाफ्टचा जोड सैल असेल तर टाचेला लागतं, गिअरबॉक्सचं चवड्याला. मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, मग तोच प्रश्न उलटा फिरवून विचारायचे, मी घाबरून हो ला हो करतोय का ते बघायला.

"टिचकी हाय म्हणतोस?"

"हो."

"मी म्हणतो नाय."

"... आहे, नाना."

"हां. असंच बोलायचं."

मला त्याचं फार ओझं वाटायचं. माझ्या शब्दावर नाना थाप मारणार, आणि कोणीतरी बायकापोरांना घेऊन कसारा घाट उतरणार. पास म्हटलेली गाडी बोळातून बाहेर पडली की मला गॅरेजात राहवायचं नाही. चौकापर्यंत मागं जाऊन बघायचो. एकदा नानाही मागून आले. दोघंही उड्डाणपुलाखाली उभे, गाडी दिसेनाशी झाली तरी. "मलाबी असंच व्हायचं," ते म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

मग एके सकाळी ते खुशीत आले. "गेल्या एकदाच्या. मुंग्या गेल्या. शांत झोपलो."

मलाही बरं वाटलं. डबा द्यायला आलेल्या काकूंना मी ते हसत हसत सांगितलं. याच दुखण्यात स्वतःच्या वडलांचे पाय गेलेले त्यांनी पाहिले होते. त्या हसल्या नाहीत. "मुंग्या गेल्या म्हणजे वारूळच गेलं रे," एवढं म्हणून डबा ठेवून निघून गेल्या.

त्यानंतर मॅडमच्या गाडीचं ऑइल बदलायची वेळ पुन्हा आली. मॅडमना त्या दिवशी पुण्याला जायचं होतं, म्हणून त्या स्वतः गॅरेजात येऊन बसल्या होत्या. आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. धार तुटली, नट लागला. नानांनी पाय धुतले, पंच्याला पुसले, आणि नळापासून गाडीपर्यंत अनवाणी चालत आले. रोजच्यासारखंच. मी चालवली, ते शेजारी. गाडी गप्प होती, मी तसं सांगितलं. परत येऊन त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "पास, ताई."

मॅडमनी पिशवी ठेवायला पुढचं डावं दार उघडलं आणि तशाच थांबल्या. बिस्किटाच्या रंगाच्या गालिच्यावर लाल डाग. एक नाही, पाऊल जिथं जिथं टेकलं होतं तिथं तिथं.

नवं गिअर ऑइल लालच असतं. त्यामुळं सगळ्यांच्या मनात तेच आलं. नाना तर इरफानवर तापलेच. "सतरा वेळा सांगितलं, ऑइलच्या हातानं आत जायचं नाय. ताईंच्या गाडीत? बघ, बघ काय केलंस."

"मी आत गेलोच नाही, नाना."

"मग हे कुठून आलं?"

आणि ते वाकले. ऑइल कोणत्या गाडीचं, कधीचं, हे वासावरून सांगणारा माणूस. बोट त्या डागाला लावलं, बोट नाकाशी नेलं. आणि तसेच वाकलेले राहिले.

इरफान हळूच म्हणाला, "नाना, तुमचा पाय."

पाइपाच्या क्लिपचा एक तुकडा तळव्यात रुतून बसला होता. नळापासून गाडीपर्यंतच कुठंतरी. सायखेड्याला जाऊन आलो आम्ही, आणि त्यांना पत्ता नव्हता. मलाही नव्हता, कारण मी माझ्या पायांचं ऐकत होतो.

"नाना, दुखत नाही तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

त्यांना खोटं बोलता आलं असतं. दुखतंय म्हणायचं, ओरडायचं, तुकडा उपटायचा, पट्टी बांधायची. लोक विसरले असते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाना, ओरडा.

"नाय," नाना म्हणाले.

"काहीच कळत नाही पायाला?"

"नाय, ताई."

मॅडम व्यापारी बाई. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "मग ही गाडी आत्ता पास कोणी केली?"

गॅरेजातली गिऱ्हाइकं आता जवळ सरकली होती. नानांनी एकदा बोळाच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्यानं."

"आणि याआधी?"

"त्याआधीबी ह्यानंच. इथून ज्या गाड्या गेल्या ना ताई, बरेच दिवस झाले, त्या समद्या ह्याच्या पायानं गेल्या. माझी नुसती थाप." हे त्यांनी मॅडमपुरतं नाही सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मला वाटलं, गेलं. त्यांचंही गेलं, माझंही गेलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, त्या डागाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "चावी घे. दवाखान्यात जाऊ. नाना, मागं बसा."

"ताई, गालिचा खराब होईल."

"झालाय. बसा."

इरफाननं खुंटीवरचा पंचा काढून पायाला गुंडाळला. पहिल्यांदाच त्यानं त्या पंच्याला हात लावला आणि शिवी बसली नाही. मी चालवत होतो, मॅडम शेजारी, नाना मागं. सिग्नल सुटल्यावर मागून आवाज आला.

"सुरगाणा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना काय म्हणते?"

"काही नाही म्हणत, नाना."

"गप हाय?"

"गप आहे."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पुण्याला जायचं त्यांनी फोन करून पुढं ढकललं.

पायाची दोन बोटं काढावी लागली. नाना परत आले ते पट्ट्यांच्या सँडलवर, काठी घेऊन. काही गिऱ्हाइकं तुटली. काही मात्र येऊन इरफानला विचारायची, तो पायवाला पोरगा आहे का? नाना आता कोणी विचारायच्या आधीच सांगायचे, "माझे पाय रिटायर झाले." इरफान पाय धुऊन सायखेड्याला जायला लागला. पहिल्यांदा गेला तेव्हा परत येऊन म्हणाला, "नाना, काही कळलं नाही." नाना म्हणाले, "मला कळायला दोन पावसाळे लागले होते. उद्या परत जा."

मस्कतचं काम नानांनीच जमवलं. एका गिऱ्हाइकाच्या भावाकडं इथं भाड्याच्या मोठ्या गाड्या आहेत, त्याला गाडी तपासून घेणारा माणूस हवा होता. नानांनी त्याला सांगितलं, "घेऊन जा. शाळा कमी हाय, पण पाय बारावी पास हायेत." मॅडमनीही जा म्हटलं. मला जायचं नव्हतं. इरफानला अजून वाळू आणि टिचकीतला फरक कळत नव्हता. मी गेलो तर पास कोण म्हणेल? मी तसं बोललो, तर नाना काठीनं जमिनीवर रेघा ओढत म्हणाले, "गाडी एका जागी उभी ऱ्हायली की तिचे सील सुकतात. मग गळती लागते. तू चालत ऱ्हा."

निघायच्या सकाळी बोळाच्या तोंडाशी टॅक्सी उभी करून मी आत पळत गेलो. लिफ्टवर एक पांढरी गाडी होती, इंजिन चालू, इरफान खाली उभा, पाना हातात. धार नुकतीच सुरू झाली होती. आणि तिच्यासमोर नाना, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, एक हात वर.

मी थांबलो. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. नानांनी मान वळवली नाही. माझ्या डोक्यात विमान, कसाऱ्याचं ट्रॅफिक, पासपोर्ट खिशात आहे ना, आणि ती धार काही संपेना. पुन्हा हॉर्न. हात वरच. मग ती बारीक झाली, दोऱ्यासारखी झाली, आणि तुटली. पहिला थेंब पडला.  नानांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"नट," मी म्हणालो.

इरफाननं नट लावला. नानांचा हात खाली आला.

"जा मग," ते म्हणाले.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी सँडल मागं घेतलं. मी निघालो. बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर राहवलं नाही, मागं वळून पाहिलं. नाना तिथंच खुर्चीत बसले होते. काठी मांडीवर आडवी. हातात चहाचा ग्लास होता आणि ते सावकाश, एकेक घोट घेत, तळापर्यंत चहा पीत होते. मग रिकामा ग्लास त्यांनी इरफानपुढं धरला.